लेट सिराजुद्दीन

शाळाखात्याच्या त्या कागदात फार काही नव्हतं. हेडमास्तर निवृत्त होणार, त्यांच्या जागी श्री. गोगटे, अलिबागच्या एका शाळेतले, पहिल्या तारखेला रुजू होणार, एवढंच. मधल्या सुट्टीत तो कागद सह्यांसाठी फिरत होता. इंग्रजीत गोगट्यांच्या नावापुढे 'लेट ऑफ' असे दोन शब्द होते, आणि ते वाचून दिनानाथने सहीसाठी उचललेली लेखणी तशीच हातात धरली. "अरेरे," तो म्हणाला, "गोगटे गेले का?"

"कुठे गेले?" हेडमास्तर डबा सोडत होते.

"म्हणजे... वारले का?"

हेडमास्तरांनी चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. "वारलेला माणूस पहिल्या तारखेला रुजू कसा होईल हो मास्तर? लेट ऑफ. इथे येण्याआधी तिथे होते, एवढाच अर्थ. करा सही, शिपाई खोळंबलाय."

दिनानाथने सही केली. शेजारचे दोघे शिक्षक हसत होते, म्हणून तोही थोडा हसला. मग तो वर्गावर गेला, खडू घेतला आणि फळ्याच्या कोपऱ्यात तारीख लिहायला लागला, पाच डिसेंबर एकोणीसशे तेहेतीस, आणि तेहेतिसातला शेवटचा तीन पुरा व्हायच्या आत खडू थांबला. भाद्रपदात वाचलेलं एक पत्र त्याला आठवलं. वर्गातली मुलं फळ्याकडे बघत होती. खिडकीतून ओल्या सुपारीचा तुरट वास येत होता. सगळ्या श्रीवर्धनात या दिवसांत तो वास असतो, अंगणं सुपारीनं भरलेली असतात, आणि लहानपणापासून त्या वासाची सवय असूनही आता त्याला तो नकोसा झाला. सिराजुद्दीन वल्द मोहम्मद, राहणार बोर्ली पंचतन, लेट ऑफ अमुक अमुक आगबोट. ते पत्र त्याला पाठ होतं. चारच ओळी होत्या. सिराजुद्दीन, लेट ऑफ. पहिल्या तारखेला रुजू होणारे गोगटे, लेट ऑफ. त्याने खडू खाली ठेवला, मुलांना धडा मनात वाचायला सांगितला आणि तो खुर्चीवर बसला.

भाद्रपदातली दुपार होती ती. शब्बीर पाच कोस चिखल तुडवत आला होता. पत्र भिजू नये म्हणून त्याने ते मेणकापडात गुंडाळून टोपीच्या आत ठेवलं होतं. हा बोर्लीचा शब्बीर बैलगाडीनं सुकी मासळी आणि सुपारी वाहायचा; सिराजुद्दीन त्याचा मोठा भाऊ, आगबोटीवर खलाशी, दोन वर्षांपूर्वी मुंबईहून गेलेला. बोर्लीत उर्दू वाचणारे होते, मराठी वाचणारे होते, इंग्रजीसाठी मात्र माणसं दिनानाथकडे येत. शब्बीरने टोपी काढली, पत्र पुढे केलं आणि उभाच राहिला. पत्रात लिहिलं होतं की, वरील आगबोटीवरचा खलाशी सिराजुद्दीन, लेट ऑफ, याची पेटी व चीजवस्तू कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत पडून आहे, ती घरच्या माणसाने ओळख पटवून घेऊन जावी. दिनानाथ तोंडातल्या तोंडात वाचत होता आणि शब्बीर त्याच्या ओठांकडे बघत होता. शब्बीर म्हणाला, "लेट म्हनलात ना मास्तर? तो शब्द मला ठावा हाय. गोदीवर आयकलाय. बोट लेट हाय म्हनतात. भाई लेट येनार हाय, आसाच ना?"

आणि दिनानाथ हसला होता. जेमतेम ओठ हलले असतील. पण हसला होता. "नाही," तो म्हणाला होता, "इथे तो अर्थ नव्हे." हे त्याने पोर चुकलं की वर्गात जसं सांगतो तसंच सांगितलं. आणि मग पुढचं वाक्य तोंडातून काढायची वेळ आली तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की तो कुणाशी काय बोलतोय. आधी शब्दाचा अर्थ आला, माणूस मागून आला. गेले तीन महिने हा क्षण त्याला अधूनमधून आठवायचा, पण आपण खरं तेच सांगितलं असं म्हणून तो त्यावर झाकण ठेवायचा.

त्या शब्दाचा त्याला अभिमान होता. लेट म्हणजे उशीर हे कुणीही सांगेल. तो दुसरा अर्थ त्याला अकराव्या वर्षी मिळाला होता, लिमये मास्तरांच्या पडवीत. त्याचा बाप कोंडाजी लिमयांच्या वाडीत पोफळींवरची सुपारी उतरवायचा. एका पोफळीवर चढायचा आणि खाली न येता शेंड्याला झोका देऊन शेजारच्या पोफळीवर जायचा. खालून बघताना दिनानाथचे पाय आपोआप आवळले जात. पडवीत लिमये मास्तर चार बामणांच्या पोरांना इंग्रजी शिकवत आणि खांबाच्या अलीकडे बसायची त्याला मुभा होती. मास्तरांनी एका चिठ्ठीवरचं नाव दाखवून विचारलं, इथे लेट म्हणजे काय? पोरं म्हणाली, उशीर. मास्तर त्याच्याकडे वळले, "तू सांग रे, कोंडाजीच्या." त्याला ठाऊक नव्हतं, पण त्या चिठ्ठीतल्या माणसाच्या तेराव्याचं जेवण त्याच्या बापाने घरी आणलं होतं, म्हणून तो बोलून गेला, "मेलेला." लिमये मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "बघा! इंग्रज मोठा सभ्य. मेला असं म्हणत नाही." आणि वर हिरव्या झावळ्यांतून कोंडाजीचा आवाज आला, "बरोबर सांगितलान का त्यानं, मास्तर?" "बरोबर सांगितलान!" मास्तर ओरडले. बाप वर हसला असणार. ते हसणं त्याला दिसलं नव्हतं, झावळ्या हललेल्या तेवढ्या दिसल्या. पुढे इंग्रजी शाळेत मास्तर म्हणून नेमणुकीचा कागद आला तेव्हा कोंडाजी नव्हता, पण कागद वाचताना दिनानाथने मान वर केली होती.

शाळा सुटल्यावर त्याने हेडमास्तरांच्या कपाटातला मोठा कोश काढला. त्याच्या स्वतःच्या छोट्या कोशात लेटचे दोनच अर्थ होते आणि दोन्ही त्याला येत होते, म्हणून आजवर हा मोठा कोश त्यासाठी उघडायची गरज पडली नव्हती. पुठ्ठ्याला वाळवीने खाल्लं होतं. पान सापडलं. उशिरा येणारा. सरत आलेला, जसा दिवस किंवा हंगाम. नुकता होऊन गेलेला. कैलासवासी. आणि सर्वांत खाली, बारीक अक्षरात, आधी एखाद्या जागी असलेला, आता तिथे नसलेला. त्याने प्रत्येक अर्थ सिराजुद्दीनला लावून पाहिला. त्याला तो माणूस एकदाच पाहिल्याचं आठवत होतं, बंदरावर, रुंद पंजाचा, पडावात चढताना धाकट्या भावाच्या डोक्यावर टपली मारणारा. उशिरा येणारा सिराजुद्दीन. होऊन गेलेला सिराजुद्दीन. आधी बोटीवर असलेला, आता बोटीवर नसलेला. मग कुठे? पाचवा अर्थ एवढंच सांगत होता की माणूस बोटीवरून उतरला. जिवंत उतरला की उतरवला, जमिनीवर की पाण्यात, याबद्दल कोशात काही नव्हतं. मेलेल्या माणसाचीही पेटी मागे राहते. म्हणजे आपण चुकलो असंही नक्की नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि हे मनात येताना किती बरं वाटलं याची त्याला लाज वाटली.

बोर्लीत तीन महिन्यांपूर्वी मशिदीत गायबाना नमाज झाली होती, समोर मय्यत नसताना पढायची ती. तिसऱ्या दिवशी दिनानाथ भेटायला गेला होता. सिराजुद्दीनचा बाप, मोहम्मदचाचा, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्याचा हात दोन्ही हातांत धरून बसला होता. "तुमी व्हतेत म्हनून कळला मास्तर," तो म्हणाला होता, "न्हायतर आमी वाटच बघत बसलो असतो." आतल्या खोलीत सिराजुद्दीनची बायको शहरबानू इद्दतीला बसली होती. चार महिने दहा दिवस. घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषापुढे यायचं नाही, बांगडी नाही, अत्तर नाही, रंगीत कापड नाही. शब्बीर मुंबईला जाऊन पेटी आणणार होता. तर पडद्याआडून तिने सांगितलं होतं, "पेटी आत्ता नको. पेटी दारात आली की मग काय उरला?" म्हणून कुणी कचेरीत गेलं नाही. एकदा कुणी गेलं असतं तर! त्या तीन महिन्यांतला एकेक दिवस दिनानाथला आता दिसू लागला. तो इथे फळ्यावर क्रियापदं लिहीत होता, संध्याकाळी वाळूवर फेरी मारत होता, घरी येऊन माशाचं कालवण जेवत होता, आणि ती आतल्या खोलीत त्याच्या एका शब्दावर बसून होती.

तरी चार दिवस त्याने काही केलं नाही. रोज शाळेत निघताना वाटायचं, आज सुटल्यावर जाऊ. मग वाटायचं, आणि तो खरोखरच मेलेला असला तर? तर त्या बाईला आपण दोनदा विधवा करणार. गप्प राहिलं तर एकदाच. हा विचार त्याला फार शहाणपणाचा वाटायचा, पण त्याच्याच खाली दुसरा होता आणि तो त्याला ऐकू यायचा: गावाला कळेल. ज्यांच्या पोरांना तो इंग्रजी शिकवत होता त्या घरांच्या ओसरीवर माणसं म्हणतील, कोंडाजीचा दीन्या, जित्या माणसाला मारलंन. रात्री झोप लागायची नाही असं नव्हतं. झोप लागायची, जेवणही जायचं, हेच त्याला विचित्र वाटायचं. फक्त वर्गात कुणी उशिरा आलं की तो शब्द तोंडातून निघायचा नाही. एक दिवस त्याने मुलाला मराठीतच विचारलं, "उशीर का झाला?" आणि मुलगा गोंधळून बघत राहिला.

चौथ्या दिवशी त्याने सगुणाला सांगितलं. त्याची बायको अंगणात वाळत घातलेली सुपारी हातांनी परतत होती. तिने सगळं ऐकलं, मधे एकदाही मान वर केली नाही. मग म्हणाली, "तो मेलाय का जिता हाय, तुमाला ठाव हाय का?"

"नाही."

"मग तेच जाऊन सांगा. ठाव न्हाय म्हनून सांगा."

"तिला उगाच आशा लागेल."

"लागूं दे की." सगुणा उठली, हात झटकले. "तिच्या जागी मी असते, तर आशेचे ह्ये चार दिस मी तुमच्याकडून मागून घेतले असते."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पहाटेच निघायचं म्हणून तो बाजारापाशी आला तर शब्बीरची गाडी तिथेच होती, मासळी उतरवून रिकामी परत निघालेली. "मास्तर? बोर्लीला? बसा की!" शब्बीरने गोणपाट झटकून जागा केली. दिनानाथला वाटलं होतं, पाच कोस चालताना वाक्य जुळवता येईल. आता वाक्य जुळलेलं नव्हतं आणि ज्यांना सांगायचं त्यांतला एकजण शेजारीच बसला होता. गाडी गावाबाहेर पडली, चढ लागला. बैलांच्या घुंगरांचा आवाज आणि सुक्या मासळीचा वास. शब्बीर आज बोलत होता. एरवी तो कमी बोलायचा. त्याची बायको बाळंतपणात गेली त्याला पाच वर्षं झाली होती. घर शाकारून घेतलं म्हणाला, मागच्या बाजूला एक खोली काढली म्हणाला. मग बैलांच्या पाठीकडे बघत म्हणाला, "मास्तर, तुमाला सांगाया हरकत न्हाय. अब्बांनी इचार केलाय. इद्दत सरली, ईद झाली, की भाभीचा नि माजा निकाह. घरचं मानूस घरात ऱ्हाईल. भाभी कायच बोलली न्हाय आजून. पन न्हाय पन म्हनली न्हाय." त्याचा कान लाल झाला होता. तिसाव्या वर्षी माणसाचा कान असा लाल होतो हे दिनानाथने कधी पाहिलं नव्हतं. त्याला गाडीतून उतरून जावंसं वाटलं. अजून कुणाला काही ठाऊक नव्हतं. खाली खाडीचं पाणी चकाकत होतं, एक होडी जागच्या जागी उभी असल्यासारखी दिसत होती, आणि हा माणूस पाच वर्षांनी घर शाकारून बसला होता.

"शब्बीर," तो म्हणाला, "गाडी जरा थांबव."

"काय झाला? पोटात ढवळतंय?"

"ते पत्र मी वाचलं ना भाद्रपदात. मी चुकीचं वाचलं असेन."

शब्बीरने कासरा ओढला. दिनानाथने सांगितलं. गोगट्यांचं सांगितलं, कोशातलं सांगितलं, पाचवा अर्थ सांगितला. ठाऊक नाही हेही सांगितलं, दोनदा सांगितलं. एका बैलाने मान हलवून माशी उडवली.

"म्हंजे भाई जिता आसंल."

"असेल. नसेलही."

"मी तुमाला तवाच म्हनलो व्हतो. लेट येनार म्हनून." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तो नव्हता म्हणून दिनानाथला बसवत नव्हतं. "ह्ये आजून कुनाला सांगितलात?"

"घरी बायकोला. आणि आता तुला."

शब्बीर खाली उतरला. चाकाला दगड लावला, मग तो काढला. रस्त्याच्या कडेला जाऊन पाठमोरा उभा राहिला, खाडीकडे तोंड करून. दिनानाथच्या मनात आलं, हा आता म्हणेल, मास्तर, परत जा. आणि तसं तो म्हणाला तर आपण जाऊ. हे त्याला स्वतःबद्दल नक्की कळलं. या माणसाने एक शब्द बोलायचा अवकाश, आपण खाली उतरू, पायी श्रीवर्धनला जाऊ आणि जन्मभर गप्प राहू. शब्बीर परत आला, चढून बसला, आणि त्याने बैलांना अशी हाक घातली की दोन्ही जनावरं दचकून पळायला लागली. उतारावर गाडी इतकी उधळत होती की दिनानाथने दोन्ही हातांनी गाडीच्या साटीची कड धरून ठेवली होती.

बोर्लीला पोचल्यावर शब्बीरनेच सांगायला सुरुवात केली. "अब्बा, मास्तर आलेत. भाईचा सांगायाचा हाय कायतरी. भाभीला पन आयकूं दे." मग तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. मधल्या दाराला जाड हिरवा पडदा होता. पडद्याखाली दिनानाथला अनवाणी पावलांची बोटं दिसली आणि त्याने नजर काढून घेतली. त्याने पुन्हा सगळं सांगितलं, या खेपेला गोगट्यांना वगळून. मोहम्मदचाचाला पहिल्यांदा समजलंच नाही. समजलं तेव्हा तो "या अल्ला, या अल्ला" एवढंच म्हणत हाताने जमीन चाचपू लागला, जणू काही पडलं होतं ते शोधत होता. दिनानाथ घाईघाईने म्हणाला, "बाई, मी कंपनीला इंग्रजीत पत्र लिहितो. स्पष्ट विचारतो. पंधरा दिवसांत—"

"कागद नको." आवाज शांत होता, थोडा बसलेला. "मास्तर, तुमी तवा सांगितलात त्ये तुमाला खरा वाटला म्हनून सांगितलात?"

"हो."

"मी रडले. मग रडू सरला. मग मी त्यांची कापडं वाटून टाकली. म्हैनाभर झाला, मला त्यांचा तोंड नीट आठवत न्हवता. मला वाटला, बरा झाला, आता जड जानार न्हाय. आता मी काय करू?"

दिनानाथने मान खाली घातली. पडद्यातून तिला ते दिसलं नसणार.

"शब्बीर," ती म्हणाली, "तू जा मुंबैला. कचेरीत जाऊन तोंडानं इचार. आपल्या बोलीत इचार. तू जाशील?"

शब्बीर चौकटीपासून बाजूला झाला. "उद्याच्या बोटीनं जातो, भाभी."

पुढचे दिवस दिनानाथच्या आठवणीत नीट नाहीत. रमजान लागला. आगबोट यायच्या दिवशी तो शाळा सुटली की बंदरावर जाऊन उभा राहायचा. पडाव येत, माणसं उतरत, शब्बीर नसायचा. हेडमास्तरांनी एकदा विचारलं, कुणी पाहुणे यायचेत का? तो म्हणाला, हो. त्या दिवसांत त्याने एक गोष्ट केली: घरी अर्ज वाचून घ्यायला येणाऱ्या माणसांना सांगायला लागला, हा शब्द मला नक्की येत नाही, उद्या बघून सांगतो. पहिल्यांदा म्हणताना जीभ जड झाली. समोरचा कोळी नुसता "बरं" म्हणाला आणि गेला. एवढंच झालं. त्याला वाटलं होतं त्याहून फार कमी झालं.

चौदाव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. शब्बीरला लिहिता येत नव्हतं, कुणाकडून तरी मराठीत लिहून घेतलं होतं, आणि ते दिनानाथच्या नावावर होतं. मास्तरांना सलाम. भाई जिता आहे. पोर्ट सैदच्या इस्पितळात होता. साखळदंड पायावर पडला, मग ताप धरला, बोट त्याला तिथे ठेवून पुढे गेली. येत्या बोटीने मुंबईस पोचतो. मी इथेच थांबतो. भाभीला व अब्बांना आजच सांगणे. दिनानाथने ते वाचलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बोर्लीपर्यंत तो चालत गेला, काही वाट धावतही गेला, छत्तीस वर्षांचा माणूस, कोट हातावर टाकून. पोचला तेव्हा उन्हं कलायला लागली होती. मोहम्मदचाचा ओसरीवरच होता, दिनानाथला लागलेला दम ऐकून तो उठूनच उभा राहिला. आत पडद्यामागे पावलं आली. दिनानाथने कार्ड सगळं वाचलं, सलामापासून, एक अक्षर न गाळता, आणि आपल्या पदरचं एक न घालता.

पडद्यामागून ती म्हणाली, "मास्तर, जिता ह्या शब्दाचा दुसरा अर्थ न्हाय ना कंचा?"

"नाही, बाई. एकच आहे."

पडद्याच्या कडेने एक हात बाहेर आला, मनगट मोकळं, आणि त्याने कार्ड घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. आत कार्ड कुठेतरी दाबून धरल्याचा कागदी आवाज झाला, मग ती मोठ्याने रडायला लागली, आणि मोहम्मदचाचा दिनानाथला म्हणत राहिला, "रडूं दे. तुमी बसा मास्तर. रोजा सुटला की खाऊन जावा. रडूं दे तिला."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ते आले. ओहोटी होती, आगबोट लांब उभी राहिली, आणि पडावही वाळूपर्यंत न येता कमरेएवढ्या पाण्यात थांबला. माणसं पाण्यात उतरून येत होती. वाळूवर बैलगाडीत मोहम्मदचाचा आणि बुरख्यातली शहरबानू बसली होती. इद्दतीचं आता काही उरलं नव्हतं. दिनानाथ धोतर खोचून पाण्यात शिरला. शब्बीर आधी उतरला आणि त्याने पत्र्याची पेटी दिनानाथच्या खांद्यावर दिली. त्याचं तोंड उतरलं होतं, दाढी वाढली होती. पेटी देता देता तो हळूच म्हणाला, "मास्तर, मी पन नाव घालून आलो. ईद झाली की बोटीवर चाललो."

"घरी सांगितलंस?"

"सांगीन. तुमी नका सांगू."

मग त्याने पडावाला पाठ लावली आणि भावाला पाठीवर घेतलं. सिराजुद्दीन फार वाळला होता. पाय लाकडासारखा ताठ, आणि ते रुंद पंजे शब्बीरच्या गळ्यात अडकवलेले, त्यांवर नुसती हाडं. लाटेने तिघंही थोडे हलले. "ह्ये कोन?" सिराजुद्दीनने विचारलं.

"आपलं मास्तर," शब्बीर म्हणाला. "यांनी सांगितलानी म्हनून मी कचेरीत गेलो. न्हायतर तू तितंच पडून ऱ्हायला असतास."

बाकीचं त्याने सांगितलं नाही. दिनानाथ त्याच्याकडे बघत राहिला. कमरेपर्यंत पाणी होतं, खांद्यावर पेटी होती, आणि इथे गप्प राहिलं तर कुणीच काही म्हणणार नव्हतं. त्याने एक पाऊल पुढे टाकलं. "सिराजभाई, भाद्रपदात कागद आला तो मीच वाचला. तुम्ही मेलात असं मीच सांगितलं. चुकीचं वाचलं मी. तुमच्या घरी नमाजसुद्धा झाली."

सिराजुद्दीनने भावाच्या खांद्यावरून त्याच्याकडे पाहिलं. डोळे खोल गेले होते. लाट आली आणि गेली. "कंचा शब्द व्हता?" त्याने विचारलं.

"लेट."

"लेट." त्याने तो शब्द तोंडात घोळवला. मग त्याच्या सुकलेल्या ओठांचा एक कोपरा हलला. "मास्तर, इस्पितळात येक गोरा डाक्टर व्हता. रोज सकाळी यायाचा, माजी नाडी बघायाचा नि म्हनायाचा, फाइन, फाइन. आता बोटीवर फाइन म्हंजे काय? दंड. काम चुकला की फाइन. मला वाटला, मी पडून हाय म्हनून ह्यो रोज दंड लावतोय. मी त्याच्या पाया पडायाचो. नको साब, नको फाइन. तो आनखी ज्वारानं म्हनायाचा, व्हेरी फाइन! दोन म्हैनं, मास्तर! दोन म्हैनं मी त्या मानसाला शिव्या दिल्या, नि तो म्हनत व्हता, तू बरा हायस."

शब्बीर खालून फुसकन हसला. त्याला आवरेना, पाठीवरचं ओझं गदगदायला लागलं, सिराजुद्दीनही हसायला लागला, खोकला आला तरी हसतच राहिला, आणि दिनानाथला हसू येतंय की आणखी काही ते कळेना, त्याने नुसती पेटी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"हलू नको," शब्बीर म्हणाला, "पडशील." त्याने भावाच्या मांड्या वर सरकवून घेतल्या आणि तो वाळूकडे, गाडीकडे चालू लागला.